बाराशे चार मतांचा प्रश्न

प्रश्न विचारणे हा नागरिकाचा अधिकार आहे, आणि लोकशाहीच्या संसारात तो पवित्र मानावा असाच आहे. परंतु प्रत्येक अधिकाराच्या पाठीशी एक कर्तव्य उभे असते आणि ते सहसा नजरेत येत नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर थोडे थांबले असता मिळण्यासारखे होते, तो न थांबता चारचौघांत मांडला, तर विचारणारा निर्दोष राहतो काय? शब्द त्याने खोटा उच्चारलेला नसतो, आरोप त्याने केलेला नसतो. तरीही एखाद्या निरपराध माणसाच्या दारात त्या प्रश्नाची सावली जाऊन पडते आणि मग ती हटवता येत नाही. लोवेल हॅगन यांना हे वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी कळले. साऱ्या वेल्डन काउंटीत, म्हणजे त्या जिल्ह्यात, हे ज्याला सर्वांआधी कळायला हवे होते, असा माणूस खरे तर तेच होते.

ॲल्डर ब्लफच्या हायस्कुलात त्यांनी एकतीस वर्षे राज्यघटना शिकवली होती. गावात पन्नाशीच्या आतबाहेरचे जे कोणी होते, त्यांतल्या बहुतेकांनी घटनेची प्रस्तावना हॅगनसरांपुढे उभे राहून म्हटलेली होती. कुणी अडखळत, कुणी रडत. निवृत्तीनंतर ते 'ॲल्डर ब्लफ रजिस्टर' या गावच्या साप्ताहिकात दर गुरुवारी सदर लिहीत. घटनेच्या एखाद्या कलमाचा ताज्या बातमीशी धागा जोडून दाखवायचा, ही त्या सदराची रीत. लेखणी संयमी होती. दोन्ही पक्षांचे लोक ते वाचत आणि दोघांनाही आपण थोडेसे दुखावलो आहोत असे वाटे. संपादक डेनी प्रुएट याच्या मते सदर चांगले असल्याची खूण हीच.

त्या नोव्हेंबरात मतदान मंगळवारी झाले. राज्याच्या प्रतिनिधिगृहाच्या जागेसाठी रीस आणि व्हॅन होर्न यांच्यात चुरस होती. लोवेल झोपायला गेले तेव्हा काउंटीच्या संकेतस्थळावर चौदापैकी चौदा केंद्रांची मोजणी पूर्ण झाल्याचे दिसत होते आणि रीस एकसष्ट मतांनी पुढे होते. बुधवारी सकाळी सातला त्यांनी कॉफीचा पेला हातात घेऊन तेच पान उघडले, तो व्हॅन होर्न दोनशे एक मतांनी पुढे गेलेले. केंद्रे चौदापैकी चौदाच होती; मते मात्र बाराशे चारने वाढली होती.

लोवेल यांनी आकडे कागदावर मांडून दोनदा वजाबाकी केली. मग कोट चढवून ते काउंटीच्या कचेरीकडे चालत निघाले. निवडणुकीचे सारे काम पाहणारी काउंटी क्लार्क मार्लिस ब्रॅन ही त्यांचीच विद्यार्थिनी. सोळाव्या वर्षी तिने वर्गात विचारले होते, "सर, मतं मोजणाऱ्यावर लक्ष कोण ठेवतं?" आणि त्यांनी उत्तर दिले होते, "तू ठेव." ही हकिकत ते पुढे प्रत्येक तुकडीला सांगत आले.

कचेरीच्या खिडकीवर चिठ्ठी चिकटवलेली होती: आज कामकाज दहा वाजता सुरू होईल. घड्याळात साडेआठ झाले होते. रजिस्टरचा मजकूर बुधवारी दुपारी बारापर्यंत छापखान्यात जावा लागे, आणि दहा वाजता पत्नीला गुडघ्याच्या व्यायामासाठी दवाखान्यात न्यायचे होते. लोवेल चिठ्ठीसमोर थोडा वेळ उभे राहिले आणि घरी परतले. तासाभरात त्यांनी सदर लिहून पाठवले.

निवडणुकीची वेळ, जागा आणि रीत ठरवण्याचे काम घटनेने राज्यांच्या विधिमंडळांवर सोपवले आहे, इथपासून त्यांनी आरंभ केला. राज्ये ते काउंट्यांकडे देतात, काउंट्या माणसांकडे. म्हणून या माणसांनी काचेच्या घरात राहिल्यासारखे काम केले पाहिजे, असे त्यांनी लिहिले. मग आकडे दिले. 'चौदापैकी चौदा केंद्रे मोजून झाल्यावर ही बाराशे चार मते आली कुठून?' आणि त्याखाली, केवळ वर्णन म्हणून, आणखी एक वाक्य: 'हे विचारायला मी सकाळी कचेरीत गेलो, तेव्हा खिडकी बंद होती.' लेखाच्या उत्तरार्धात, उत्तर साधेच असेल आणि ते लवकरच मिळेल, असा विश्वासही व्यक्त केला होता. आपण न्यायाने लिहिले, असे त्यांना वाटले.

गुरुवारी सकाळी अंक आला. आर्डिसबाई, त्यांच्या पत्नी, गुडघ्याखाली उशी घेऊन स्वयंपाकघरातल्या बाकावर बसल्या होत्या. शस्त्रक्रियेला दीड महिना झाला होता. पायाखेरीज त्यांचे दुसरे काहीही मंदावलेले नव्हते. टोस्टवर लोणी लावता लावता त्या सदर वाचत होत्या.

"लोवेल," त्या म्हणाल्या, "हे बाराशे चार. त्यात आपली दोन धरलीस का?"

"कुठली आपली?"

"माझा गुडघा कापला तेव्हा आपण मतपत्रिका घरी मागवून घेतल्या होत्या ना? याच टेबलावर बसून भरल्या. तू पाकिटाला थुंकी लावत होतास, मी म्हटलं ओला स्पंज घे."

"ती पाकिटं काय उडत उडत केंद्रावर गेली?"

"टपाली मतं मतदानाच्या सकाळी ज्या त्या केंद्रावर पाठवतात," लोवेल सावकाश म्हणाले. "तिथल्या मतांबरोबरच मोजतात. चाळीस वर्षं असंच चालत आलंय."

"बरं," आर्डिसबाई म्हणाल्या. "मग चाळीस वर्षं असंच चाललंय का, ते कुणाला विचारलंस?"

त्यांनी टोस्टचा घास घेतला आणि पान उलटले. लोवेल यांचा पेला मात्र तसाच राहिला. आपण स्वतः भरलेले, स्वतः सही केलेले, स्वतः पोस्टाच्या पेटीत टाकलेले पाकीट त्यांना आठवले. ज्या मतांच्या जन्माविषयी त्यांनी साऱ्या काउंटीसमोर शंका घेतली होती, त्यांत एक त्यांचे स्वतःचे होते.

रजिस्टरच्या कचेरीत डेनी प्रुएट एकटाच होता. तोही हॅगनसरांचा विद्यार्थी. प्रस्तावना म्हणताना रडलेल्यांपैकी.

"सर, तुम्ही तर गाजलात," तो म्हणाला. "आज सकाळपासून आपल्या संकेतस्थळावर जितकी माणसं आलीत, तितकी गेल्या अख्ख्या वर्षात आली नव्हती."

"डेनी, सप्टेंबरचे अंक काढ. जाहीर नोटिसांची पानं."

"नोटिसा कोण वाचतं सर? वकील वाचतात, आणि ज्याचं घर लिलावात निघालंय तो वाचतो."

तरी त्याने अंक काढले. काउंटीने घेतलेला प्रत्येक निर्णय गावच्या वर्तमानपत्रात छापून जाहीर केला पाहिजे, असा कायदा आहे. या नोटिसांच्या पैशांवरच रजिस्टरसारखी पत्रे तग धरून असतात. सप्टेंबरच्या दुसऱ्या अंकात, सहाव्या पानावर, बारीक टायपात मजकूर सापडला. यंदापासून सर्व केंद्रांची टपाली मते काउंटीच्या कचेरीतच एकत्र मोजली जातील. त्यांची बेरीज केंद्रांच्या निकालानंतर स्वतंत्रपणे मिळवली जाईल. मोजणी पाहण्यास कोणासही मुभा आहे. खाली क्लार्क म्हणून मार्लिस ब्रॅन हिची सही. पान उलटून पाहिले तर पाठीमागे पाचव्या पानावर लोवेल यांचेच सदर होते. नागरिकाने जागरूक राहावे, असा त्या आठवड्याचा विषय होता.

डेनीने खुर्ची मागे सरकवली. "हे मीच छापलं," तो म्हणाला. "आणि तुमचं सदरही मीच छापलं. दोन्ही वाचली नाहीत, असं म्हणायचं का आता?"

"दुरुस्ती छापायची आहे. याच जागी, याच अक्षरांत, इतकीच लांब."

"सर, दुरुस्ती दुसऱ्या पानावर खाली, चौकटीत. पद्धत आहे ती. ठळक छापली की लोक म्हणतात, मग उरलेलंही चूकच असणार."

"म्हणू देत."

"आणि छापणार कधी? पुढचा गुरुवार. तोवर सात दिवस आहेत." डेनीने संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. "हे बघा."

दूरच्या शहरातल्या एका बातमीपत्राने सदर उचलले होते. उत्तरार्ध गळाला होता. शीर्षकात बाराशे चार हा आकडा आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह होते. लेखकाचे वर्णन 'तीस वर्षे घटना शिकवलेले स्थानिक गुरुजी' असे केले होते. आणि सर्वांत ठळक अक्षरांत एकच वाक्य वेगळे काढलेले होते: तेव्हा खिडकी बंद होती. लोवेल यांनी त्या बातमीपत्राला तिथेच बसून पत्र पाठवले, चूक कबूल केली, नोटिशीची प्रत जोडली. त्याचे उत्तर त्या दिवशी आले नाही आणि पुढेही कधी आले नाही. त्याच संध्याकाळी एका वाहिनीवर चार माणसे गोल टेबलाभोवती बसून वेल्डन काउंटीबद्दल बोलली. चौघांपैकी एकानेही वेल्डन काउंटी पाहिलेली नव्हती. सूत्रसंचालक गंभीर मुद्रेने म्हणाला, "आम्ही काही ठरवत नाही, आम्ही फक्त विचारतो आहोत." लोवेल यांना आपलाच आवाज ऐकल्यासारखे झाले.

शुक्रवारी ते खिडकीपाशी गेले. आज ती उघडी होती. आत मार्लिस उभी होती. केस पांढरे होत चाललेले, डोळ्यांखाली काळी वर्तुळे. मागे दूरध्वनी वाजत होता आणि तिची सहकारी तो उचलून, काही क्षण ऐकून, उत्तर न देता ठेवत होती.

"मार्लिस, माझी चूक झाली आहे."

"माहीत आहे, सर."

"मला त्याविषयी तुझ्याशी—"

"सर, रागावू नका, पण आज मला वेळ नाही. सकाळपासून दोनशे फोन आलेत. त्यातला एक माझ्या आईच्या घरी गेला. तिला शहाऐंशीवं चालू आहे. तिला वाटलं, विमा कंपनीचा माणूस आहे, म्हणून तो ओरडत असतानाही ती त्याच्याशी गोड बोलत राहिली." मार्लिसने समोरचे कागद नीट एकावर एक लावले. "मंगळवारी सकाळी नऊला मतपडताळणी आहे. खुली असते. तुम्हीच शिकवलंत आम्हाला."

"त्या दिवशी सकाळी खिडकी बंद—"

"आम्ही आदल्या सकाळी पाचला आलो होतो, सर. घरी गेलो तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते. मी कचेरीतल्या मुलींना म्हटलं, दहाला या, जरा झोपा. दहाला मी इथेच होते."

लोवेल मान खाली घालून बाहेर आले.

मंगळवारपर्यंतचे ते तीन दिवस त्यांना फार मोठे गेले. शनिवारी मार्लिसच्या घरासमोर एक अनोळखी गाडी दुपारभर उभी असल्याचे कळले. रविवारी चर्चमधल्या कॉफीच्या वेळी ती आली नाही; पंचवीस वर्षांत प्रथमच तिची भोपळ्याच्या वड्यांची परात टेबलावर नव्हती. एकदोघांनी लोवेल यांच्या खांद्यावर थोपटून, "छान लिहिलंत सर, कुणीतरी विचारायलाच हवं होतं," असे म्हटले. ज्याला ज्याला ते खरी हकिकत सांगू लागले, तो तो कसनुसे हसून दुसऱ्या विषयाकडे वळला. पूर्वी वर्गात एखादी चूक त्यांनी फळ्यावर लिहिली, तर ती पुसायला हाताशी कापड असे. इथे फळा कुठे संपतो हेच दिसत नव्हते.

घरी आर्डिसबाईंनी त्यांना बोल लावला नाही. सोमवारी जेवताना त्या एवढेच म्हणाल्या, "उद्या टाय बांधून जा. आणि फार लांबवू नकोस. तू लांबवलंस की लोकांना वाटतं, अजून काही बाकी आहे."

काउंटी मंडळाच्या सभागृहात मतपडताळणीला एरवी पाच माणसे असत: मंडळाचे तीन सभासद, मार्लिस आणि तिची सहकारी. त्या मंगळवारी साठाच्या वर होती. मागच्या भिंतीपाशी काही अनोळखी माणसे मोबाईल उंच धरून उभी होती. लोवेल यांना दुसऱ्या रांगेत जागा मिळाली, आणि वीस वर्षांत आपण या खोलीत आलो नव्हतो हे त्यांच्या ध्यानात आले.

मार्लिसने एकेका केंद्राच्या मोजणीयंत्रातून निघालेली आकड्यांची पट्टी वाचली. प्रत्येक पट्टीखाली दोन्ही पक्षांच्या माणसांच्या सह्या होत्या. मग तिने टपाली मतांची नोंद वाचली: मागवलेली पाकिटे, परत आलेली पाकिटे, सही नसल्याने बाद झालेली सात, मोजलेली बाराशे चार. रीस चारशे एकाहत्तर, व्हॅन होर्न सातशे तेहतीस. मोजणाऱ्या चौघांची नावे, दोन या पक्षाची, दोन त्या पक्षाची. तिचा आवाज एकसारखा होता. फक्त पान उलटताना तिला बोटे दोनदा जिभेला लावावी लागत होती. आकडे जुळले. अध्यक्षांनी विचारले, कुणाला काही म्हणायचे आहे काय?

लोवेल उभे राहिले.

"माझं नाव लोवेल हॅगन. गुरुवारी मी विचारलं होतं, ही मतं आली कुठून. ती तुमच्या-माझ्या घरांतून आली. त्यातली दोन माझ्या घरातली आहेत; एक माझं, एक माझ्या बायकोचं. मोजण्याची रीत बदलल्याची नोटीस सप्टेंबरात छापून आली होती. ती मी वाचली नाही. उत्तर मिळवायला मला दीड तास थांबावं लागलं असतं. मी थांबलो नाही. क्लार्कबाईंनी सगळं कायद्यानुसार केलं आहे. चूक माझी आहे, एकट्याची."

मग मक्याचे बियाणे विकणारा गार्थ लिंडक्विस्ट मागून उठला. त्याची टोपी हातात होती. सरांपुढे ती काढायची सवय त्याला जुनीच.

"सर, एक विचारू? तुम्हाला कुणी काही बोललं का?"

"म्हणजे?"

"म्हणजे गुरुवारी तुम्ही एक लिहिता, मंगळवारी वेगळंच बोलता. दरम्यान कुणीतरी येऊन गेलं असणार. आम्हाला सांगा. आम्ही आहोत तुमच्या पाठीशी."

मागे दोघांनी माना डोलावल्या. कुणाच्या तरी मोबाईलचा दिवा लोवेल यांच्या चेहऱ्यावर स्थिर झाला.

"गार्थ, येऊन गेलं कुणीच नाही. टोस्ट खाता खाता बायको बोलली."

थोडे हसू उमटले, पण ते सगळीकडे पोहोचले नाही.

"तुम्ही आमचे मास्तर आहात म्हणून गप्प बसतो," गार्थ खाली बसत म्हणाला. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, करुणा होती. गुरुजींना कुणीतरी भेदरवले आहे, अशी त्याची खात्री झाली होती, आणि ती आता जगातल्या कुठल्याही नोटिशीने हलणार नव्हती. आपले पहिले वाक्य जितक्या सहज लोकांच्या मनात शिरले, तितक्या सहज दुसरे शिरणार नाही, हे लोवेल यांना तिथे उभ्या उभ्या उमगले. पहिल्या वाक्याला कुणीही पुरावा मागितला नव्हता.

मंडळाच्या तिघांनी निकालावर सह्या केल्या. मग मार्लिसने फायलीच्या तळाशी ठेवलेला एक वेगळा कागद अध्यक्षांपुढे सरकवला. डिसेंबरअखेर ती पद सोडत होती. अध्यक्षांनी तो वाचला, चष्मा काढला, आणि सभा संपल्याचे जाहीर केले.

गर्दी पांगल्यावर लोवेल तिला जिन्यापाशी भेटले.

"ते पत्र मागे घे, मार्लिस. आकडे जुळले. सगळ्यांनी पाहिलं."

"साठ जणांनी पाहिलं, सर."

"पुढच्या अंकात मी सगळं लिहितो आहे. त्याच जागी छापायचं डेनीने कबूल केलं आहे."

"लिहा. चांगलंच आहे ते." तिने कठड्यावर हात टेकला. "पण आईने फोनची वायर काढून ठेवली आहे. मी घरी जाते तर तिचं एकच, माझा आवाज ऐकून तो माणूस का रागावला, मी काही वेडंवाकडं बोलले का? तिला काय सांगू?"

"मला क्षमा कर," लोवेल म्हणाले.

मार्लिसने खिडकीबाहेर पाहिले. बाहेरच्या मोकळ्या जागेत अनोळखी माणसे आपापल्या गाड्यांत बसून निघत होती.

"तुमचा राग येऊन गेला, सर. पहिले दोन दिवस फार आला. मग वाटलं, तुम्ही वाईट हेतूने नाही लिहिलंत. मग वाटलं, हेतू चांगला होता म्हणूनच सगळ्यांनी खरं मानलं. तुमच्याऐवजी दुसऱ्या कुणी लिहिलं असतं ना, कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं." ती थकल्यासारखी हसली. "क्षमा वगैरे मला पटकन जमायची नाही. जमली की सांगते."

"बरं."

"एक करा मात्र. मार्चमध्ये नव्या शाळेच्या इमारतीसाठी मतदान आहे. केंद्रांवर बसणाऱ्यांपैकी अकरा जणींनी या आठवड्यात नावं मागे घेतली. त्यांची मुलं म्हणतात, आई, कशाला नसती भानगड. माझ्यानंतर जी कोणी येईल, तिला टेबलाशी माणसं लागतील."

"मी बसेन."

"पहाटे साडेपाचला यावं लागतं. दिवसभर. आणि जो टेबलाशी बसतो, त्याला वर्तमानपत्रात सदर लिहिता येत नाही. नियम आहे."

चौदा वर्षे दर बुधवारी ते लिहीत आले होते. त्याच्याशिवायचा आठवडा कसा असतो, हे त्यांना ठाऊक नव्हते.

"असू दे नियम," ते शेवटी म्हणाले.

त्या गुरुवारी रजिस्टरच्या पाचव्या पानावर त्यांचे अखेरचे सदर आले. त्यात घटनेचे एकही कलम नव्हते. बुधवारी सकाळी साडेआठपासून बारापर्यंत त्यांनी काय केले आणि काय केले नाही, एवढेच क्रमाने लिहिलेले होते. दूरच्या शहरातल्या कुणीही ते उचलले नाही. गावात मात्र काहींनी वाचले. तिघी जणींनी आपली मागे घेतलेली नावे पुन्हा दिली. आठ जणींनी दिली नाहीत.

डिसेंबरच्या शेवटच्या कामाच्या दिवशी दुपारी मार्लिसने मार्चच्या मतदानासाठीच्या केंद्र-कर्मचाऱ्यांना शपथ दिली. तिच्या कारकिर्दीतले ते शेवटचे काम. खिडकीच्या आतल्या बाजूला जागा थोडी होती; माणसे चारच. तिघी बाया आणि लोवेल हॅगन. आर्डिसबाई काठी टेकत आल्या होत्या आणि खुर्चीवर बसून, "टाय सरळ कर," असे नवऱ्याला हळूच खुणावत होत्या.

"उजवा हात वर करा," मार्लिस म्हणाली.

लोवेल यांनी हात वर केला. घटनेचे मी पालन करीन. माझे काम कायद्याला धरून, माझ्या शक्तीप्रमाणे निष्ठेने करीन. कपट होऊ देणार नाही आणि करणार नाही. तिने एकेक वाक्य सांगितले आणि त्यांनी ते तिच्यामागून उच्चारले. एके काळी हीच मुलगी त्यांच्यापुढे उभी राहून असेच शब्द म्हणत होती आणि ते तिला अडखळू न देता पुढचा शब्द सांगत होते. आज 'निष्ठेने' या शब्दापाशी ते थांबले. ती घाई न करता थांबून राहिली. मग तो शब्द तिने पुन्हा, हलक्या आवाजात सांगितला. त्यांनी म्हटला.

सह्या झाल्या. मार्लिसने शिक्का मारला, टेबलावरचे आपले एकुलते फुलझाड पिशवीत घातले आणि कोट चढवला. लोवेल यांनी तिच्यासाठी दार उघडून धरले. बाहेर बर्फ भुरभुरत होते आणि वाटेवर अजून कुणाची पावले उमटली नव्हती.

"आईने कालपासून फोन लावून ठेवलाय पुन्हा," जाता जाता ती म्हणाली. "बसा कधी तिच्याशी बोलत. तिला शिक्षकांचं अजूनही फार वाटतं."

"उद्याच जातो," लोवेल म्हणाले.

ती निघून गेली. जे लोक इतरांची मते मोजण्यासाठी आपली झोप देतात आणि मोबदल्यात क्वचितच आभाराचा शब्द ऐकतात, त्यांच्या घरी शांतता नांदो. त्या वृद्ध मातेच्या दूरध्वनीवर यापुढे केवळ ओळखीचे, मायेचे आवाज येवोत. ज्याच्या लेखणीकडून नकळत घाव झाला, त्याच्या हातून उरलेल्या दिवसांत थोडी सेवा घडो. आणि जिने क्षमेला अवधी मागितला, तिला तो अवधी सुखाचा जावो.